निशाण वर होतं

बहिऱ्यांची फुटबॉल मॅच म्हणजे सगळं शांत शांत असणार, असं ऐकू येणाऱ्यांना उगाचच वाटतं. एकदा येऊन बसा म्हणावं. बावीस माणसं बेंबीच्या देठापासून ओरडत असतात, कारण आपण ओरडतोय हे त्यांचं त्यांनाच कळत नाही. बुटांचे आवाज, धापा, चेंडूचे दणके, सगळं मोकाट. तिथे एकाच गोष्टीचा काडीचा उपयोग नसतो, ती म्हणजे पंचाची शिट्टी. म्हणून पंच शिट्टी फुंकतो आणि हातातलं निशाणही वर करतो. ज्याला ते दिसतं तो थांबतो, त्याला थांबलेला पाहून दुसरा थांबतो, आणि बघता बघता अख्खं मैदान थांबतं. सगळा कारभार डोळ्यांवर.

खळी अशाच एका संघाचा कर्णधार होता. हे काही त्याचं कागदावरचं नाव नव्हे. बहिऱ्यांच्या शाळेत पोरं पहिल्याच आठवड्यात एकमेकांना नावं देऊन मोकळी होतात, आणि ते नाव हातांनी करून दाखवायचं असल्यामुळे दिसण्यावरून किंवा सवयीवरून पडतं. गालात बोट रुतवलं की झाला खळी. प्रशिक्षकाचं नाव मिशी. मिशी काढून त्या माणसाला कितीतरी वर्षं झाली होती, पण पोरांच्या हातावरची मिशी काही त्याला काढता आली नाही. आणि उजव्या कडेने पळणारा तो भोवरा, कारण लहानपणी पायात चेंडू आला की स्वतःभोवती गिरकी घेतल्याशिवाय त्याला पुढे जाताच यायचं नाही.

खळी आणि भोवरा शाळेत एका बाकावर बसले, एका काचेला एकाच चेंडूने तडा दिला आणि मारही बरोबरीने खाल्ला. पुढे खळी शर्टांच्या कारखान्यात कापड कापायला लागला आणि भोवरा एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवायला. दर चार वर्षांनी देशोदेशीचे बहिऱ्यांचे संघ जिथे जमतात, त्या स्पर्धेला जायचं म्हणून दोघांनी आपापल्या मालकापुढे नाक घासून रजा मिळवली होती. दोघांनीही तिशी कधीच ओलांडलेली. पुढच्या खेपेला त्यांना कुत्रंही विचारणार नव्हतं, आणि ते दोघांनाही पक्कं माहीत होतं.

खळीला संशय आला तो स्वतःच्याच हातांवरून. निघायच्या आधी सरावात नव्या गोलकीपरने त्याला टोकलं, "तू भोवऱ्याशी बोलताना हात असे हनुवटीपाशी का धरतोस? काही गुपित सांगतोस का?" खळी हसला आणि मग हसता हसता थांबला. खरंच की. भोवऱ्याशी बोलताना आपले हात रुंद जातच नाहीत. कारण रुंद गेले की भोवऱ्याला अर्धं बोलणं कळत नाही, तो "काय?" म्हणून परत विचारतो. हे कधीपासून चाललंय? मग एकेक आठवायला लागलं. पाठ दुखते म्हणून भोवऱ्याने फोर्कलिफ्ट सोडून खोकी चिकटवायचं काम मागून घेतलं होतं. पाठ दुखणारा माणूस मैदानात हरणासारखा पळतो कसा, हे खळीच्या डोक्यात तेव्हा आलं नव्हतं. किंवा आलं असेल आणि त्याने कानाडोळा केला असेल.

स्पर्धेच्या गावी सगळ्या संघांना विद्यार्थ्यांच्या रिकाम्या वसतिगृहात उतरवलं होतं. पोचल्या दिवशी जिन्यातला दिवा बिघडलेला होता. बाकीचे धडाधड वर गेले. भोवरा पहिल्या पायरीवर कठड्याला धरून उभा राहिला, आणि मागून येणाऱ्या खळीच्या खांद्यावर त्याने सहज ठेवावा तसा हात ठेवला. तो हात वरच्या मजल्यापर्यंत निघाला नाही.

खळीने त्याला तसाच धरून हातपाय धुवायच्या जागी नेलं. तिथे भगभगीत उजेड होता.

"किती दिसतं?" त्याने सरळ विचारलं.

भोवऱ्याने आधी वेळ मारून न्यायचा प्रयत्न केला. मग त्याने दोन्ही मुठींच्या पुंगळ्या करून डोळ्यांना लावल्या, आणि लावल्यावर त्या आणखी जराशा आवळल्या.

"कडेचं सगळं गेलं," तो म्हणाला. "अंधारात तर काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, कानांबरोबर काही जणांना हेही मिळतं. एकावर एक फुकट."

"औषध?"

"नाही. एक दिवस मधलंही जाणार."

"ताईला सांगितलंस?"

ताई म्हणजे भोवऱ्याची सख्खी थोरली बहीण. तिला ऐकू यायचं. धाकट्या भावासाठी ती लहानपणीच हातांची भाषा शिकली आणि आता पदरमोड करून संघाची दुभाषी म्हणून सगळीकडे यायची. अख्खा संघ तिला ताईच म्हणायचा.

"ताईला कळलं की आईला कळणार," भोवरा म्हणाला. "आणि आईला कळलं की मी उंबऱ्याबाहेर पडलो म्हणून समज. एवढी स्पर्धा खेळू दे. मग मीच सांगतो सगळ्यांना. शपथ."

हे मिशीला सांगायला हवं, एवढं खळीला कळत होतं. पण समोर भोवरा होता, आणि भोवऱ्याला नाही म्हणायची त्याला सवयच नव्हती. "दिवसाच्या मॅच आहेत," तो शेवटी म्हणाला. "मी लक्ष ठेवतो."

पहिल्या दोन मॅच भर उन्हात झाल्या. भोवऱ्याने दोन्हीत गोल केले. खळी मागून त्याच्यावर डोळ्यात तेल घालून नजर ठेवत होता. कडेने कुणी अंगावर येतंय असं दिसलं की तो हात उंच करून भोवऱ्याच्या पुढे असलेल्या आपल्याच खेळाडूला खुणावायचा, आणि तो खेळाडू भोवऱ्याला. कुणाला यात वावगं वाटलं नाही. बहिऱ्यांचे संघ एकमेकांच्या डोळ्यांवरच खेळतात. पोरं खूश होती, मिशी तर हवेतच होता.

तिसरी मॅच मात्र संध्याकाळी होती, दिव्यांच्या उजेडात, आणि जिंकलो तरच पुढे जायचं होतं. तयारी चालली असताना मिशीने खळीला बाजूला घेतलं. ताई शेजारी उभी राहून हातांनी सांगत होती.

"भोवरा आज जरा जड वाटतोय. पाय दुखतोय का त्याचा? बसवू का?"

एक "हो" पुरलं असतं. भोवरा चिडला असता, दोन दिवस तोंड फिरवून बसला असता, संपलं असतं. पण भोवरा बाकावर म्हणजे गोल कोण करणार, हा विचार खळीच्या डोक्यात आधी आला. मैत्रीखातर, मैत्रीखातर असं तो नंतर स्वतःला पुष्कळ समजावत राहिला. त्यात हाव होती. आपण तरी ते स्पष्ट बोलू.

"काही नाही झालं त्याला," खळी म्हणाला. "खेळू दे."

समोरच्या संघाच्या गोलकीपरचं नाव पोरांनी लांब्या पाडलं होतं. दुसऱ्या देशाचा, त्याची हातांची भाषा वेगळी. पण बहिऱ्यांचं बरं असतं, चार जेवणं एका हॉलमध्ये झाली की कामापुरतं सगळं समजायला लागतं. लांब्या त्याच्या देशात रंगारी होता. शिडीवरून पडताना डबा कसा आधी खाली आला आणि आपण नंतर कसे बरोबर त्यातच आलो, हे तो अंगाने असं करून दाखवायचा की शेजारच्या टेबलांवरचे लोक ताटं उचलून त्याच्या टेबलापाशी यायचे.

पहिला अर्धा तास बरा गेला. मग आकाशातला उरलासुरला उजेड संपला आणि फक्त खांबांवरचे दिवे राहिले. खळीला मागून दिसत होतं, भोवरा डोकं सारखं इकडेतिकडे फिरवतोय, टॉर्च फिरवावा तसं. तरीही तो चेंडू शोधत होता, आणि सापडला की सोडत नव्हता.

उत्तरार्धात मधून एक लांब पास गेला. भोवरा बचावफळीच्या पुढे उभा होता, उघड ऑफसाइड. पंचाचं निशाण वर गेलं. एक थांबला, दुसरा थांबला, सगळं मैदान थांबलं. चेंडू हळू होत होत लांब्यासमोर येऊन पडला. लांब्यानेही निशाण पाहिलं होतं. फ्री किक लावायची म्हणून तो निवांतपणे खाली वाकला.

एकटा भोवरा पळत होता. थांबलेल्या माणसांमधून, सगळा जीव पायात आणून. त्याच्या त्या पुंगळीभर जगात एकच गोष्ट होती, चेंडू. खळी ओरडला. बहिऱ्याने बहिऱ्यासाठी ओरडण्यात काही अर्थ नाही हे त्यालाही कळत होतं, तरी तो ओरडला. भोवऱ्याने लाथ मारली तेव्हा चेंडूच्या वर लांब्याचं डोकं आलेलं होतं.

गुडघा मानेवर बसला. लांब्या उताणा पडला तो हललाच नाही.

भोवऱ्याला लाल कार्ड दाखवलं, तेही त्याला आधी दिसलं नाही. समोरच्या संघातल्या तिघांनी त्याला धरून ढकललं, मिशीने कसाबसा ओढून आत नेला. कपडे बदलायच्या खोलीत दोघंच उरल्यावर भोवऱ्याने खळीला विचारलं, "झालं काय? मी कुणाला लागलो?"

खळीने सांगितलं. निशाण वर होतं, सगळे थांबले होते, लांब्या वाकला होता. भोवरा भिंतीला टेकून खाली बसला आणि बराच वेळ दोन्ही तळवे तोंडावर धरून राहिला. आपल्या हातून काय झालं ते त्याला दुसऱ्याकडून कळून घ्यावं लागत होतं.

"उद्या चौकशी आहे," खळी म्हणाला. "कर्णधार म्हणून मला बोलावतील. खरं सांगून टाकू. मुद्दाम नाही केलंस हे तरी कळेल."

भोवऱ्याने मान जोरजोरात हलवली. "मुद्दाम केलं म्हण."

"वेडा झालास का?"

"तुला तो म्हातारा आठवतो? आपल्या क्लबात यायचा तो. बहिरा होता, आणि डोळे गेलेले." भोवरा आता उठून उभा राहिला होता. "कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचा. दोन्ही हात असे पुढे धरून. कुणीतरी आपल्या हातात हात देऊन बोलावं म्हणून. आपण काय करायचो? खांद्यावर थाप मारायची आणि पुढे जायचं. सगळे तेच करायचे. तू पण, मी पण. एक तास तो तसा बसायचा आणि मग त्याची सून येऊन घेऊन जायची."

खळीने नजर वळवली, तेव्हा भोवऱ्याने त्याला खांद्याला धरून परत समोर आणलं.

"गुंड म्हण मला. गुंडाला लोक शिव्या तरी देतात. शिव्या म्हणजे बोलणंच की. आंधळ्या बहिऱ्याशी कोण बोलतं?"

सकाळी चौकशीच्या खोलीबाहेर लांब्याचा कर्णधार उभा होता. दाट दाढीचा, सुतारकाम करणारा माणूस. तो हॉस्पिटलातून थेट आला होता. खळीला बघून त्याने मानेवर आडवं बोट ठेवलं, मानेमागे टाके घातल्यासारखं करून शस्त्रक्रिया झाल्याचं सांगितलं, मग अंगठा आडवा धरला. म्हणजे जिवंत आहे. मग त्याने आपले दोन्ही हात खांद्यापासून सैल सोडले आणि ते तसेच लोंबत ठेवले.

"दोन्ही?" खळीने विचारलं.

दोन्ही. परत येतील किंवा नाही येणार, डॉक्टर सांगत नव्हते.

बहिऱ्या माणसाचे हात गेले म्हणजे काय गेलं, हे त्या दोघांना एकमेकांना समजावून सांगायची गरज नव्हती. दाढीवाल्याने हात पुन्हा उचलले. "तो फक्त एकच विचारतोय. डोळ्यांनी, ओठांनी. का? त्याला एवढंच कळायला हवंय. का?"

तेवढ्यात ताई आली. रात्रभर रडलेली दिसत होती. "अरे, माझा भाऊ मुंगी मारत नाही," ती खळीला म्हणाली. "काहीतरी झालं असणार. तुला माहीत असेल तर सांग बाबा. आईला फोन केलेला नाही मी अजून. काय तोंडाने करू?"

"आत बोलतो," खळी म्हणाला.

आत तीन ऐकू येणारी माणसं कोट घालून बसली होती. त्यांनी पडद्यावर मॅच दाखवली. पडद्यावर तर फारच वाईट दिसत होतं. सगळी माणसं पुतळ्यासारखी उभी आणि एकच जण वाकलेल्या माणसावर धावून जातोय. मधल्या माणसाने काहीतरी विचारलं. ताईने ते हातांवर घेतलं.

"तुमच्या खेळाडूने निशाण पाहिलं होतं का?"

खळीला ताई दिसत होती, तिच्यामागे दाढीवाला दिसत होता. खरं सांगितलं तर पुढचा प्रश्न काय येणार, तेही दिसत होतं. तुम्हाला कधीपासून माहीत होतं? भोवऱ्याने आपल्याला शब्द मागितलाय, त्याने स्वतःला बजावलं. तो शब्द आपल्याही सोयीचा आहे हे मात्र त्याने स्वतःला बजावलं नाही.

"हो," तो म्हणाला. "पाहिलं होतं."

ताईचे ओठ हलले नाहीत. ती खळीच्या हातांकडे बघत राहिली, ते पुन्हा काहीतरी वेगळं म्हणतील म्हणून. कोटवाल्याने तिला काहीतरी विचारलं. मग तिने ते बोलून टाकलं, स्वतःच्या सख्ख्या भावाबद्दल, स्वतःच्या तोंडाने.

भोवऱ्यावर जन्माची बंदी आली. संघाला दुपारच्या विमानाने परत जायला सांगितलं.

बसमध्ये पोरांनी भोवऱ्याला फाडून खाल्लं. एकेक जण सीटवरून मागे वळत होता आणि हात आपटून आपटून बोलत होता. स्पर्धा घालवलीस, नाव घालवलंस, तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. भोवरा प्रत्येकाच्या हातांकडे मन लावून बघत होता. नव्या गोलकीपरच्या डोळ्यांत पाणी होतं. "त्याचे हात गेले रे," तो म्हणाला. "दोन्ही. तो आता बोलणार कशाने?"

भोवरा झटक्यात खळीकडे वळला. "हे तुला माहीत होतं?"

"सकाळी कळलं."

"चौकशीच्या आधी?"

"आधी."

"आणि तरी तू तेच सांगितलंस?" भोवऱ्याचे हात अर्धवट हवेत राहिले. मग तो उठला आणि धडपडत पुढे ताईपाशी गेला. बस हॉस्पिटलकडे वळवायला सांग म्हणाला. ताईने त्याचे हात वाचले आणि लगेच तोंड फिरवलं. पण तिने ड्रायव्हरला सांगितलं.

हॉस्पिटलच्या दाराकडे नेणारा बोळ अंधारा होता. भोवऱ्याने खळीचं कोपर धरलं. सगळा संघ बसच्या खिडक्यांतून दारापर्यंत ते बघत होता, आणि भोवऱ्याला आता त्याचं काही वाटत नव्हतं.

लांब्याची मान पट्ट्यांमध्ये आवळलेली होती. डोकं हलत नव्हतं, डोळे तेवढे फिरत होते. त्याचे हात चादरीवर कुणीतरी नीट सरळ करून ठेवले होते. दाढीवाला खिडकीपाशी उभा होता. तो पुढे झाला, पण लांब्याने डोळ्यांनी त्याला थांबवलं.

भोवरा पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला. त्याने सावकाश, मोठ्या मोठ्या खुणांनी सांगितलं. निशाण दिसलं नाही. तू वाकलास ते दिसलं नाही. मग मुठींच्या पुंगळ्या डोळ्यांना लावल्या आणि त्या पार बंद होईपर्यंत आवळत नेल्या. जगातल्या कुठल्याही बहिऱ्याला ते समजलं असतं. "मला दिसत नाही. लपवलं मी. मला खेळायचं होतं. माफ कर."

दाढीवाला भोवऱ्याकडे बघत नव्हता. तो खळीकडे बघत होता. "तू सांगितलंस, त्याने पाहिलं."

दाढीवाला आणखी एक पाऊल पुढे आला.

"तुला माहीत होतं? मॅचच्या आधी?"

खळीने मान हलवली. हो.

हे सगळं लांब्याच्या डोळ्यांसमोर चाललं होतं. त्याने भोवऱ्याकडे पाहिलं, खळीकडे पाहिलं. मग त्याने डोळे मिटले. बहिऱ्यांच्यात भांडण कितीही पेटलं तरी ते असं संपतं. एकाने डोळे मिटले की दुसऱ्याने हवेत हवे तेवढे हात मारावेत, ते बोलणं नाही. लांब्याकडे बोलायला आता तेवढंच उरलं होतं.

भोवरा अजून चादरीकडे बघत होता. त्या दोन हातांमधून काहीतरी येईल म्हणून, एखादं बोट तरी. बऱ्याच वेळाने त्याने खळीला कोपराने ढोसलं.

"काय म्हणाला? मी हातच बघत होतो."

झोपला म्हणून सांगणं अगदी सोपं होतं. खळीची बोटं तिकडे वळलीही होती.

"डोळे मिटले त्याने," खळी म्हणाला.

"माझ्यावर की तुझ्यावर?"

"दोघांवर."

भोवऱ्याने मान डोलावली. "उघडेल कधीतरी. मी बसतो. तू जा, ताईला सांग."

"विमान चुकेल."

"चुकू दे."

त्याने खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि बसला. मग उठला, खुर्ची थोडी मागे सरकवली, पुन्हा बसून बघितलं. इतक्या जवळून त्याला एक तर चेहरा दिसत होता, नाही तर हात. तो खुर्ची मागे मागे नेत राहिला. पाठ भिंतीला टेकली तेव्हा कुठे लांब्याचा चेहरा आणि दोन्ही हात एकदम त्याच्या नजरेत मावले.